कादिझमधला एक दिवस आणि लायकीचे दार

बोटीवर नोकरी करणाऱ्याला फुकटात जग बघायला मिळते, असा आपल्या वस्तीत समज आहे. सुट्टीवर घरी आलो की शेजारपाजारची मंडळी विचारतात, "काय रे, किती देश झाले?" देशांची नावे सांगता येतात. पण खरे सांगायचे तर बहुतेक बंदरांच्या नावाबरोबर मला बोटीच्या पोटातली लाँड्रीच आठवते. दोन-अडीच हजार माणसांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडे रोज धुवायची, वाळवायची, इस्त्री करून घड्या घालायच्या. दिवसाचे दहा-अकरा तास त्यात जातात. बोट किनाऱ्याला लागली तरी यंत्रे थांबत नाहीत. कधीतरी पाळ्या जुळून येतात, पाच-सहा तासांची मोकळीक मिळते आणि मग पायांना जमीन लागते.

गेल्या वर्षी मे महिन्यात अशी मोकळीक स्पेनच्या कादिझ बंदरात मिळाली. त्या एका दिवसात जे पाहिले आणि ऐकले, ते आपल्या लेकराबाळांपर्यंत पोहोचावे म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही चौघे उतरलो. एक फिलिपाइन्सचा, वयाने सर्वांत मोठा. त्याला सगळे 'कुया' म्हणतात. त्यांच्या भाषेत कुया म्हणजे दादा. तो भटारखान्यात आहे. दुसरा गोव्याचा, सासष्टीचा. त्याला आम्ही 'पात्रांव' म्हणतो. तिसरा होंडुरासचा, उंचापुरा, काळासावळा, भांडी धुण्याच्या खात्यातला. तो भेटेल त्याला 'प्रिमो' म्हणतो, म्हणजे चुलतभाऊ. म्हणून त्याचेही नाव प्रिमोच पडले. आणि मी 'भाऊ'. हा शब्द माझ्याकडूनच शिकून त्यांनी मलाच परत दिला. चौघांत मातृभाषेसारखे स्पॅनिश येते ते एकट्या प्रिमोला. त्यामुळे त्या दिवशी आमचा वाटाड्या तोच होता.

कादिझ शहराची जागाच वेगळी. जमिनीची एक अरुंद पट्टी समुद्रात गेली आहे आणि तिच्या टोकाला हे गाव वसले आहे. तीन बाजूंनी अटलांटिक महासागर. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी फिनिशियन व्यापाऱ्यांनी हे बंदर वसवले, असे परंपरा सांगते. पश्चिम युरोपात आजही माणसे राहत असलेल्या सर्वांत जुन्या शहरांत त्याची गणना होते. आपल्या तथागतांच्या जन्मापूर्वीही इथे गलबते लागत होती, हे लक्षात घेतले म्हणजे वयाचा अंदाज येतो. पुढे रोमन आले, मग अरब, मग ख्रिस्ती राजे. बोटीच्या धक्क्यावरून जुन्या गावात जायला पाच-सात मिनिटेच लागतात. गाडीभाड्याचा खर्च नाही, हे आमच्यासारख्यांना मोठे सुख.

आधी आम्ही बाजारात गेलो. कुयाचा तो नेमच आहे. कुठल्याही गावी गेला की आधी मासळीबाजार पाहतो. तिथला मुख्य बाजार १८३८ सालचा, दगडी खांबांचा. मध्यभागी मासळीचे गाळे. मोठमोठे ट्यूना कापून ठेवलेले, म्हाकूल, शिंपल्या आणि जवळ्यासारखी बारीक कोळंबी. त्या कोळंबीची भजी हे इथले खास खाणे. गव्हाचे पीठ, त्यात हरभऱ्याचे पीठ, कांदा, कोथिंबिरीसारखा एक पाला आणि सालासकट कोळंबी. सगळे पातळ कालवून तेलात पसरट, कुरकुरीत तळतात. पहिला घास घेतला आणि पावसाळ्यात आई करते ती जवळ्याची भजी आठवली. समुद्राकाठची गरीब माणसे कुठेही गेली तरी बारीक मासळी आणि बेसनाचा मेळ बरोबर घालतात. आम्ही एकेक पुडा बांधून घेतला.

गावाच्या गल्ल्या अरुंद आहेत. कोपऱ्याकोपऱ्यावर जुन्या तोफा जमिनीत उभ्या पुरलेल्या दिसतात. गाड्यांचे चाक घासून घराचा कोपरा तुटू नये म्हणून त्या पुरल्या आहेत. घरांच्या गच्च्यांवर मनोरे आहेत. शंभराहून अधिक मनोरे या एवढ्याशा गावात आजही उभे आहेत. 'तोरे ताविरा' नावाच्या मनोऱ्यावर आम्ही जिने चढून गेलो. समुद्रसपाटीपासून ४५ मीटर उंचीवरून सगळे पांढरे गाव आणि भोवतीचे पाणी दिसले. व्यापारी लोक आपापल्या मनोऱ्यावर माणूस बसवीत आणि अमेरिकेहून आपली गलबते येतात का ते पाहत. १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीला १७ जहाजे घेऊन इथूनच निघाला होता. १७१७ साली अमेरिकेशी होणाऱ्या साऱ्या व्यापाराची कचेरी सेव्हिलहून कादिझला आली आणि गावात सोन्या-चांदीचा पूर आला.

"आणि माणसांचाही," प्रिमो म्हणाला. ते खरे आहे. गुलामांचा व्यापार करणारी एक कंपनी १७६५ साली याच शहरात निघाली होती. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे ती कॅरिबियन बेटांत विकत असे. कंपनीच्या नावातच 'निग्रोंची कंपनी' असे उघड लिहिलेले होते. लाज वाटावी असे त्यात कोणाला काही दिसले नव्हते. प्रिमोचे पूर्वज गारिफुना समाजाचे. १७९७ साली इंग्रजांनी त्यांना सेंट व्हिन्सेंट बेटावरून उचलून होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर आणून टाकले. तिथे राज्य स्पेनचे होते.

मनोऱ्यावरून उतरून आम्ही जवळच्याच एका प्रार्थनामंदिरापाशी आलो. सान फेलिपे नेरी हे त्याचे नाव. बाहेरच्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत दगडी आणि धातूच्या पाट्या लावलेल्या. त्यांतल्या कितीतरी दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या देशांनी १९१२ साली, शताब्दीच्या वेळी पाठविलेल्या. शताब्दी कशाची? तर इथे १८१२ साली लिहिल्या गेलेल्या घटनेची.

घटना हा शब्द ऐकला आणि मी थबकलो. आपल्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते आणि त्यांच्या हातात ते पुस्तक असते. घटना म्हणजे काय हे कळण्यापूर्वी आपल्या मुलांना ते पुस्तक ठाऊक असते. दुसऱ्या देशाची घटना जिथे जन्मली ती जागा पाहायला मिळेल, असे मला कधी वाटले नव्हते.

आत गेलो. लांबट गोल सभागृह, वर घुमट, भोवती सज्जे. त्या काळी स्पेनवर नेपोलियनच्या सैन्याने कब्जा केला होता. राजा सातवा फर्दिनांद फ्रान्समध्ये नजरकैदेत होता आणि गादीवर नेपोलियनचा भाऊ बसला होता. सगळा मुलूख गेला, पण समुद्राने वेढलेले कादिझ पडले नाही. फेब्रुवारी १८१० पासून ऑगस्ट १८१२ पर्यंत फ्रेंचांचा वेढा होता. तोफा धडाडत होत्या, १८१० साली पिवळ्या तापाची साथही येऊन गेली. अशा परिस्थितीत स्पेनमधले आणि अमेरिकेतल्या वसाहतींमधले प्रतिनिधी एकत्र जमले. सप्टेंबर १८१० मध्ये शेजारच्या सान फेर्नांदो गावी सभा सुरू झाली. पुढच्या वर्षी ती या मंदिरात आली. १९ मार्च १८१२ रोजी ३८४ कलमांची घटना जाहीर झाली. तो दिवस संत जोसेफचा. जोसेफचे स्पॅनिश लाडके नाव पेपे, म्हणून लोकांनी त्या घटनेला प्रेमाने 'ला पेपा' म्हटले.

कुया त्या सभागृहात बराच वेळ हात जोडून उभा राहिला. मला वाटले प्रार्थना करतो आहे. बाहेर आल्यावर म्हणाला, "शाळेत शिकवलं होतं. आमच्या देशाचा एक माणूस इथं सहीला होता." ते बरोबर आहे. फिलिपाइन्सचे प्रतिनिधी व्हेंतुरा दे लोस रेयेस यांची या घटनेवर सही आहे. पात्रांवही मागे राहिला नाही. पोर्तुगालची १८२२ सालची घटना या कादिझच्या घटनेच्या धर्तीवर झाली आणि तिथल्या सभेसाठी गोव्यातून बेर्नार्दो पेरिश द सिल्व्हा निवडून गेले, हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. मंदिराला लागूनच एक संग्रहालय आहे. तिथे प्रवेश मोफत. १७७० च्या दशकात महोगनी लाकूड आणि हस्तिदंत वापरून केलेली सगळ्या कादिझ शहराची प्रतिकृती तिथे आहे. एकेक घर, एकेक खिडकी कोरलेली. ज्या हातांनी ते कोरले त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

दुपार झाली होती. आम्ही ला कालेता नावाच्या छोट्या चौपाटीवर गेलो. दोन बाजूंना दोन जुने किल्ले, मध्ये वाळू आणि कोळ्यांच्या रंगीत होड्या. चौपाटीसमोर दोन प्रचंड झाडे आहेत. मुळे जमिनीवर भिंतीसारखी उठलेली, फांद्या रस्त्यावर पसरलेल्या. ही झाडे मूळची ऑस्ट्रेलियातली, पण कुळ आपल्या वडा-पिंपळाचे, म्हणजे बोधिवृक्षाचेच. परमुलखात आपले कुळ भेटले की बरे वाटते. त्या सावलीत बसून आम्ही भज्यांचे पुडे सोडले.

खाता खाता मी प्रिमोला म्हणालो, "तुला वाचता येतं. त्या घटनेत काय लिहिलंय ते वाच की." त्याने फोनवर ती काढली आणि एकेक कलम मोडक्या इंग्रजीत सांगू लागला.

सुरुवात ऐकून छाती भरून आली. राष्ट्र हे कोणा एका घराण्याची वा व्यक्तीची मालमत्ता नाही. सार्वभौम सत्ता राष्ट्राची. राजकीय विचार छापण्याचे स्वातंत्र्य. कैद्याच्या छळाला बंदी. गावोगावी प्राथमिक शाळा. सरकारचे उद्दिष्ट काय, तर राष्ट्राचे सुख. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी, बाहेर तोफा चालू असताना, राजा-सरदार-धर्मगुरूंच्या देशात माणसे हे लिहीत होती! त्याच सभेने १८१३ साली इन्क्विझिशन हे धर्माच्या नावावर छळ करणारे न्यायालय रद्द केले. त्याच सभेत पेरूचे प्रतिनिधी दियोनिसियो इंका युपांकी, जे मूळच्या इंका राजवंशातले, त्यांनी १८१० सालीच बजावले होते की दुसऱ्या जनतेला दडपणारी जनता स्वतः स्वतंत्र राहू शकत नाही. १८११ साली मेक्सिकोचे गुरिदी इ अल्कोसेर यांनी गुलामगिरी संपवण्याचा आणि स्पेनचे अर्ग्वेयेस यांनी गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव मांडला होता. क्युबाच्या ऊसमळेवाल्यांच्या बाजूने विरोध झाला आणि ते प्रस्ताव बाजूला पडले.

वाचता वाचता प्रिमो बाविसाव्या कलमावर आला आणि थांबला. दोनदा मनातल्या मनात वाचले. मग सांगितले. ज्या स्पॅनिश माणसांचे मूळ कोणत्याही बाजूने आफ्रिकेतले आहे असे समजले जाते, ते स्पॅनिश आहेत, पण नागरिक नाहीत. नागरिक होण्यासाठी त्यांच्याकरिता 'सद्गुणाचे आणि लायकीचे दार' उघडे आहे. त्या दारातून आत यायचे असेल तर देशाची मोठी सेवा केलेली असावी, किंवा हुशारी, कष्टाळूपणा आणि वागणूक यांत नाव काढलेले असावे. शिवाय आईबाप स्वतंत्र आणि त्यांचे लग्न रीतसर झालेले असावे, बायको स्वतंत्र स्त्री असावी, आणि स्वतःच्या भांडवलावर चालणारा धंदा असावा. एवढे सगळे असेल तर सभा त्याला नागरिकत्वाची सनद देईल.

पुढे एकोणतिसावे कलम. लोकसंख्येच्या हिशोबाने प्रतिनिधी ठरवायचे, तर त्या मोजणीतूनही या माणसांना वगळलेले. कारण त्यांना मोजले असते तर अमेरिकेचे प्रतिनिधी स्पेनपेक्षा वाढले असते. कर द्यायला ती माणसे, लढायला ती माणसे, आणि मोजायची वेळ आली की नाहीत!

प्रिमो फोन खाली ठेवून समुद्राकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "इतरांना दार नव्हतं. ते जन्मले तेव्हाच आत होते. आम्हाला तेवढं दार. आणि लायकी बघणारा कोण? जो आधीच आत बसलाय तो."

वाचकहो, हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कारण हे वाक्य मी वेगळ्या शब्दांत आपल्या वस्तीत जन्मभर ऐकत आलो आहे. 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडावर किती वेळा फेकला जातो! प्रवेशाच्या रांगेत, नोकरीच्या मुलाखतीत, बढतीच्या वेळी. ज्याच्या घरी चार पिढ्या पुस्तके, त्याची लायकी कोणी तपासत नाही. ती जन्माबरोबर धरलेलीच असते. ज्याचा आजोबा शाळेच्या बाहेर बसवला गेला, त्याने मात्र पावलोपावली लायकीचा दाखला दाखवायचा.

पात्रांवने आणखी एक गोष्ट सांगितली. स्पेनच्या वसाहतींत मिश्र रक्ताच्या लोकांना 'कास्ता' म्हणत. पोर्तुगिजांनीही भारतात येऊन आपल्या जातींना तोच शब्द लावला. इंग्रजीतला 'कास्ट' हा शब्द तिथूनच आला. म्हणजे आपल्या जातिव्यवस्थेला जगाने दिलेले नाव या स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचे आहे. इथेही कित्येक शतके मानाच्या जागांसाठी रक्तशुद्धीचा दाखला मागत असत. मनू एकाच देशात जन्मला असे नाही.

मग पंचविसावे कलम आले. नागरिकांचे हक्क कोणाच्या बाबतीत स्थगित राहतील याची ती यादी. दिवाळे निघालेला कर्जदार. ज्याला काही उद्योग नाही असा. आणि कोणाच्या घरी चाकरी करणारा नोकर. शेवटी आणखी एक अट: १८३० सालापासून नव्याने हक्क मिळणाऱ्याला लिहिता-वाचता आलेच पाहिजे.

आता गप्प बसायची पाळी आमची होती. माझ्या आईने पंधरा वर्षे चार घरची धुणीभांडी केली. त्या पैशांतून माझी फी भरली गेली. कुयाची बायको हाँगकाँगमध्ये एका कुटुंबाकडे घरकामाला आहे. दोन मुलींची शिक्षणे तिच्या कमाईवर झाली. पुरुषांनाच एवढ्या अटी, तर बायांचा प्रश्नच नव्हता. त्या सभेच्या नियमांत बायकांना सज्जात बसून नुसते ऐकायलाही मनाई होती. स्पेनमध्ये बायकांना मतदानाचा हक्क १९३१ च्या घटनेने मिळाला, आणि क्युबातली गुलामगिरी संपायला १८८६ साल उजाडले.

कुया हळूच म्हणाला, "तुमच्या देशाच्या घटनेत यांतलं काय आहे, भाऊ?"

मी जे सांगितले ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण परक्या माणसाला सांगताना ते मलाच नव्याने कळले. मी म्हणालो, आमच्या देशात इंग्रजांच्या काळी मत द्यायला मालमत्ता, कर, नाहीतर शिक्षण लागत असे. आमच्या माणसांकडे यांतले काहीच नव्हते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला. लोक म्हणत होते, अडाण्यांच्या हाती मत कसे द्यायचे? बाबासाहेबांना ठाऊक होते की मत हातात नाही म्हणूनच हा माणूस अडाणी ठेवला गेला आहे. २६ जानेवारी १९५० ला घटना अमलात आली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत माझे आजोबा-आजी दोघेही मतदानाला गेले. आजोबा गिरणीत बदली कामगार, आजी कोळसा वेचणारी. दोघांनाही अक्षर ओळखत नव्हते. म्हणून तर पेट्यांवर चित्रे होती. हत्तीचे चित्र पाहून त्यांनी मत टाकले. गिरणीमालकाचे मत एक आणि त्यांचेही एकच.

प्रिमोने विचारले, "आणि रक्ताचं?"

मी त्याला सतरावे कलम सांगितले. अस्पृश्यता नष्ट केली आहे, कोणत्याही स्वरूपात ती पाळायला मनाई आहे, आणि पाळणे हा गुन्हा आहे.

"अटी किती?"

"एकही नाही."

त्याने फोनमध्ये १७ हा आकडा टिपून ठेवला.

आता कोणी म्हणेल, या कादिझच्या घटनेत एवढे दोष होते तर तिचे कौतुक कशाला? कौतुक केलेच पाहिजे. जगातल्या कितीतरी देशांनी तिच्यापासून स्फूर्ती घेतली. पण तिचे पुढे काय झाले, हे आपण समजून घेण्यासारखे आहे. १८१४ साली राजा फर्दिनांद सुटून आला आणि मे महिन्यात त्याने फर्मान काढून ती घटना रद्द केली. कादिझच्या प्रतिनिधींना तुरुंगात टाकले. तेव्हा लोकांनी काय केले? गावोगावी घटनेच्या स्मृतिशिला उखडल्या. राजाच्या गाडीचे घोडे सोडून माणसांनी स्वतः गाडी ओढली आणि 'बेड्या चिरायू होवोत' अशा घोषणा दिल्या, असे इतिहासात सांगतात. १८२० साली रिएगो नावाच्या सैनिकी अधिकाऱ्याने बंड करून ती घटना पुन्हा आणली. १८२३ साली फ्रेंच सैन्याच्या मदतीने राजाने ती पुन्हा बुडवली आणि रिएगोला माद्रिदमध्ये फाशी दिले.

ज्या पुस्तकाने आपल्याला स्वतंत्र केले तेच पाडून माणसे बेड्यांचा जयजयकार का करतात? मला वाटते, त्या पुस्तकात त्यांना आपले नाव सापडले नव्हते. बहुतेकांना ते वाचताच येत नव्हते. चाकर, मजूर, निरक्षर, काळा माणूस, बाई: जे बाहेर राहिले ते दार राखायला कशासाठी धावतील? आणि जे आत होते त्यांच्या मनात राजाची भक्ती शिल्लक होतीच.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी याच धोक्याची घंटा वाजवली होती. घटना कितीही चांगली असली तरी राबवणारी माणसे वाईट निघाली तर ती वाईट ठरेल, असे ते म्हणाले. धर्मात भक्ती कदाचित मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा हा अधःपाताचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे, हेही त्यांनी बजावले. राजकीय समता आली, पण सामाजिक आणि आर्थिक विषमता तशीच राहिली तर लोकशाहीचा हा डोलारा कोसळेल, हा त्यांचा इशारा. आणि त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाच्या कारभाराची आठवण दिली. ठराव, मतदान, सभेचे नियम हे सारे संघात होते. लोकशाही आपल्याला परकी नाही. कादिझला जाऊन आल्यावर ते भाषण मी पुन्हा वाचले. त्यातला शब्द न् शब्द नव्याने लागला.

परतीच्या वाटेवर, धक्क्याजवळच्या प्लाझा दे एस्पान्या या चौकात, त्या घटनेचे स्मारक लागते. १९१२ साली सुरू झालेले काम १९२९ ला पुरे झाले. भव्य पांढऱ्या दगडाचे, अर्धवर्तुळाकार. त्याच्या मधोमध सभेच्या अध्यक्षाची दगडी खुर्ची आहे, आणि ती रिकामी आहे. पात्रांव म्हणाला, "तुमच्याकडंही असंल असलं काहीतरी?" मी म्हणालो, आमच्याकडे खुर्ची नाही, माणूस उभा आहे. निळा कोट, हातात पुस्तक, एक बोट पुढे. सरकारने उभारले तेही आहेत, पण बरेचसे वस्तीतल्या लोकांनी रुपया-दोन रुपये वर्गणी काढून उभारलेले. गवंडी आमचा, सिमेंट आमचे, रंग देणारी पोरे आमची. साडेतीनला बोटीवर हजेरी होती. कुया घड्याळ दाखवू लागला तसे आम्ही निघालो.

बंधू-भगिनींनो, पुतळा उभा करणे सोपे आहे, कारण त्याला वर्गणी पुरते. हातातले पुस्तक उघडायला वेळ द्यावा लागतो. आपल्या घरी बाबासाहेबांची तसबीर आहे. तिच्याखाली भारताच्या घटनेची एक मराठी प्रत असू द्या. विहारात रविवारी वंदना झाल्यावर एक कलम मोठ्याने वाचा. वाचायला शाळेतल्या मुलीला उभे करा, आणि जिला अक्षर येत नाही त्या आजीला पुढे बसवून तिच्या भाषेत अर्थ सांगा. घरकाम करणाऱ्या आपल्या आया-बहिणींना मतदार यादीत नाव आहे का ते विचारा. नसेल तर अर्ज भरून द्या. या कामाला बोटीने सातासमुद्रापार जावे लागत नाही. येत्या २६ नोव्हेंबरपासून आपापल्या विहारात सुरुवात करू या.

जयभीम!